हरवलेल्या पत्त्याचं काय करायचं?

मुलांनो, तुमच्या घरी पत्त्यांचा एक तरी कॅट असेलच. मे महिन्याच्या सुट्टीत तो बाहेर निघतो आणि हमखास एक पान कमी भरतं. बदाम सत्ती खेळायला बसावं आणि नेमकी चौकट पंजी गायब! मग तुम्ही काय करता? जोकरवर पेनने ‘चौकट पंजी’ असं लिहिता आणि डाव सुरू करता. ही युक्ती चालते, पण ती का चालते याचा कधी विचार केलाय? जोकरची पाठ बाकीच्या पानांसारखीच असते म्हणून! पुढून काहीही असो, मागून तो कुणालाच ओळखू येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

आता समजा, हरवलेलं पान साध्या कॅटमधलं नसून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने रंगवलेल्या संचातलं असलं तर? तिथे जोकर नाही. दुकानात जाऊन नवा संच घ्यावा, तर तो तसाच मिळणार नाही. अशा वेळी काय करायचं? गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे आणि माझ्या शाळेतल्या मुलांपुढे आला. आम्ही काय केलं ते सांगते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, शहाऐंशी वर्षांची आहे. सावंतवाडीजवळच्या एका गावात राहते. तिच्या लाकडी पेटाऱ्यात सरकत्या झाकणाची एक रंगीत पेटी आहे आणि त्या पेटीत आहे गंजिफा. गंजिफा म्हणजे जुन्या काळचे पत्ते. ते गोल असतात, लहान बशीसारखे. हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबर बादशहाने १५२७ साली सिंधच्या एका सरदाराला गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. पुढे आपल्या लोकांनी त्याला आपला वेश चढवला. आजीची गंजिफा दशावतारी आहे. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं : एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची दहा पानं. बारा गुणिले दहा, एकशे वीस. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, म्हणजे एक लाल तर एक हिरवी, एक पिवळी तर एक काळी.

आजीच्या पेटीत एकशे वीस पानं मात्र नाहीत. आम्ही तीनदा मोजली. एकशे तेरा! मत्स्याची तिर्री, कूर्माची पंजी, परशुरामाची अठ्ठी, रामाची दुर्री, बुद्धाची नव्वी, कल्कीचा प्रधान आणि वामनाचा राजा, एवढी पानं कधीतरी गेली. कोकणातला दमट पावसाळा, वाळवी, खेळणारी पोरं... कुणाकुणाचं नाव घ्यायचं? उरलेल्यांपैकीही काहींच्या कडा उकलल्या आहेत आणि लाखेचे पोपडे निघाले आहेत.

“आजी, ही सात पानं मी रंगवून देते. मग संच पुरा होईल,” मी म्हटलं. आजी हसली. म्हणाली, “अगो, नवो पत्तो पाठीवरसूनच कळता मा! मगे खेळ कसलो?”

खरंच की! एकशे तेरा पानांच्या पाठी झिजून काळपट झालेल्या आणि सात पानांच्या कोऱ्या करकरीत. ज्याच्या हातात वामनाचा राजा असेल, तो समोरच्याला मागूनच दिसणार. आणि पाठी मुद्दाम घासून मळकट केल्या तर? तर आणखी पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला वाटेल की सगळीच पानं जुनी आहेत. म्हणजे आपण त्याला फसवल्यासारखंच झालं. मी विचारात पडले.

त्याच सुमारास माझा भाऊ मुंबईहून आला. गंजिफाचा विषय त्याला फोनवर कळला होताच. येताना त्याने एका परदेशी संचाची छापील प्रत आणली आणि म्हणाला, “ताई, तुझ्यासारखाच पेच यांनाही पडला होता. बघ.”

तर मुलांनो, आता माझ्याबरोबर थोडा वेळ इटलीला चला. तिथल्या मिलान शहरात १४५० साली फ्रान्सेस्को स्फोर्झा नावाचा सरदार ड्यूक झाला. त्याची बायको ब्यांका मारिया ही आधीच्या व्हिस्कोंती राजघराण्यातली. या घराण्यासाठी त्या सुमाराला पत्त्यांचा एक थाटाचा संच बनवला गेला. आज त्याला ‘व्हिस्कोंती-स्फोर्झा’ संच म्हणतात. बोनिफाचो बेंबो नावाच्या चित्रकाराने तो रंगवला, असं बरेच अभ्यासक मानतात. जाड पुठ्ठ्याचं एकेक पान सुमारे सतरा सेंटीमीटर उंच आणि नऊ सेंटीमीटर रुंद. चित्रांच्या पानांवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर ठसे उठवून केलेली नक्षी. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढून कागदावर हे माप आखून बघा. हातात धरून खेळायला केवढं मोठं पान!

या पत्त्यांना टॅरो म्हणतात. संचात चार रंग : पेले, नाणी, तलवारी आणि दंडे. प्रत्येक रंगात दहा आकडी पानं, शिवाय राजा, राणी, घोडेस्वार आणि शिपाई. झाली छप्पन्न. त्यावर बावीस खास चित्रांची पानं : एकवीस कायमचे हुकूम आणि एक विदूषक. चंद्र, सूर्य, तारा, नशिबाचं चाक अशी ती चित्रं. छप्पन्न आणि बावीस मिळून अठ्ठ्याहत्तर.

आणि आज उरली आहेत किती? चौऱ्याहत्तर! तीही एका ठिकाणी नाहीत. पस्तीस पानं अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत, १९११ साली घेतलेली. सव्वीस पानं इटलीतल्या बेर्गामो गावच्या आकादेमिया कारारा या कलासंग्रहालयात आहेत, आणि तेरा तिथल्याच एका जुन्या सरदार घराण्याकडे. चार पानं मात्र कुठेच नाहीत. ती कोणती? तलवारींची तिर्री, नाण्यांचा घोडेस्वार, सैतान आणि बुरूज.

भावाने आणलेल्या छापील संचात अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पानं आहेत. म्हणजे हरवलेली चार पानं आजच्या चित्रकाराने नव्याने काढून भरली आहेत. मी तो संच शाळेत नेला आणि मुलांना म्हटलं, “यात चार पानं नवी आहेत. ओळखा पाहू!”

मुलं तुटून पडली. कुणी चेहरे बघतंय, कुणी सोनेरी नक्षी. सैतान आणि बुरूज चौथीच्या मुलांनी पंधरा मिनिटांत पकडले. घोडेस्वाराला बराच वेळ लागला. तलवारींची तिर्री मात्र कुणालाच ओळखता आली नाही. का बरं? विचार करा. संचात तलवारींची दुर्री आहे आणि चौर्रीही आहे. त्या दोन्ही समोर ठेवल्या की मधली तिर्री कशी असेल याचा अंदाज जवळजवळ अचूक बांधता येतो. घोडेस्वाराचंही थोडंफार तसंच. बाकीचे तीन घोडेस्वार आहेत, नाण्यांचे राजा-राणी आहेत, त्यांच्या कपड्यांवरून आणि घोड्यांवरून रंगवता येतो. पण सैतान? त्या संचात त्याच्यासारखं दुसरं चित्रच नाही. सन १५०० च्या आसपास छापलेल्या काही इटालियन पत्त्यांवर सैतान आणि बुरूज दिसतात, तेवढाच आधार. काही अभ्यासक तर म्हणतात की या संचात ती दोन पानं कधी नव्हतीच! म्हणजे चार पानं हरवली, तरी चारही सारखी हरवलेली नाहीत. काही आपण मोजून काढू शकतो, काही शेजाऱ्यांना विचारून आणि काही फक्त मनाने.

पुढची गंमत तर ऐका. जी चौऱ्याहत्तर पानं जुनी म्हणून जपून ठेवली आहेत, त्यांतलीही सहा पानं पहिल्या चित्रकाराची नाहीत! शक्ती, संयम, तारा, चंद्र, सूर्य आणि जग. यांची रंगवण्याची धाटणी वेगळी आहे. काही वर्षांनी दुसऱ्या चित्रकाराकडून ती करून घेतली, असं दिसतं. पाचशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी आपल्यासारखाच संच पुरा करायला बसला होता तर! पण त्याने आपलं नाव कुठे लिहिलं नाही. त्यामुळे तो कोण आणि त्याने ती कधी केली, यावर विद्वान मंडळी वाद घालत बसली आहेत.

या सगळ्या गडबडीत एके दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, “बाई, शाळेत पत्ते? आणि तेसुद्धा भविष्य सांगायचे?” त्यांचा प्रश्न योग्यच होता. इतर पालकांच्याही मनात तो येईल, म्हणून इथे उत्तर देते. टॅरो हा मुळात घरात बसून खेळायचा खेळ. तीनशेहून अधिक वर्षं तो खेळच होता. १७८१ साली फ्रान्समधल्या एका लेखकाने असं लिहिलं की ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तमधलं गूढ ज्ञान आहे. त्याला काही पुरावा नव्हता, पण गोष्ट रंगतदार होती, लोकांना आवडली. त्यानंतर या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा प्रकार वाढला. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात आजही लोक टॅरोचा डाव मांडून नुसता खेळतात. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. जाताना त्यांनीच विचारलं, “मग बाई, त्या वेळी मिलानमध्ये हा नेमका कसा खेळत?”

बघा, खरा प्रश्न हाच होता! मिलानची सोन्याची पानं उरली, पण त्या राजवाड्यात ती कशी खेळत याचे नियम कुणी लिहून ठेवलेले मिळत नाहीत. टॅरो खेळाचे छापील नियम दिसतात ते थेट १६३७ साली, तेही फ्रान्समध्ये. पानांवर नाव नाही की आकडा नाही, त्यामुळे कोणता हुकूम कोणत्या हुकमाला मारतो हेसुद्धा नंतरच्या याद्यांवरून जुळवावं लागतं. खेळणारे गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही गेला.

त्या रात्री मला झोप लागेना. आमच्या घरात गंजिफा खेळता येणारं माणूस एकच, शहाऐंशी वर्षांची आजी. माझ्या आईला येत नाही, मला येत नाही. आणि मी मात्र सात पानांच्या रंगाची काळजी करत बसले होते!

सावंतवाडीतही एकदा अशीच वेळ आली होती. गंजिफा रंगवण्याची कला जवळजवळ संपलीच होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू करून तरुण मुलामुलींना शिकवली. ते जाणते हात होते तोवर कुणीतरी त्यांच्यापाशी जाऊन बसलं, म्हणून कला टिकली. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्वशीलादेवी २०१८ मध्ये. पण गंजिफा रंगवायच्या थांबल्या नाहीत.

मग आमचं ठरलं. करायचं ते एक काम नसून दोन आहेत. पहिलं काम जुना संच सांभाळायचा. दुसरं काम नवा संच बनवायचा. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

जुन्या संचाला आम्ही रंगाचा एक थेंबही लावला नाही. उकललेल्या कडांना चिकटपट्टी लावली नाही, कारण तिचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना रंग सोबत घेऊन येतो. कोरड्या, स्वच्छ हातांनी एकेक पान उचललं, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि सुती कापडात गुंडाळून परत पेटीत ठेवलं. सोबत एक चिठ्ठी ठेवली : “एकशे तेरा पानं. सात नाहीत.” आणि कोणती नाहीत त्यांची यादी.

नव्या संचासाठी मात्र सगळी शाळा कामाला लागली. पहिली ते चौथी मिळून आमची चोवीस मुलं. प्रत्येकाला पाच पानं. करा हिशेब! जुन्या पद्धतीप्रमाणे आम्ही चिंचोक्यांची खळ केली. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजत घालायचे, वाटायचे आणि शिजवायचे. त्या खळीने कागदावर कागद असे थर चिकटवून दाबाखाली वाळवले. मग आजीची बांगडी ठेवून गोल आखले आणि कापले. त्यावर खडूच्या भुकटीचा हात दिला आणि ओढ्यातल्या गुळगुळीत गोट्याने घासला. पाठी रंगवल्या त्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या लाल रंगाने. कारण डबा बदलला की छटा बदलणार आणि छटा बदलली की आजी ओळखणार! शेवटी गावातल्या सुतारकाकांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सगळ्या पानांना चकाकी आणून दिली.

एकशे तेरा पानांचा नमुना समोर होताच. राहिली सात. मत्स्याची तिर्री, कूर्माची पंजी अशी पाच आकडी पानं मुलांनी मिलानच्या तिर्रीसारखी शेजारच्या पानांवरून मोजून काढली. कल्कीचा प्रधान बाकीच्या नऊ प्रधानांवरून जुळवला. आता वामनाचा राजा! त्याच्या रंगातल्या इतर पानांवर कमंडलू आहेत, तेवढाच धागा. तो उभा होता की बसलेला? शेजारी बळीराजा होता का? आजीला विचारलं, तर म्हणाली की तिच्या लहानपणीही ते पान नव्हतंच. एक मुलगा म्हणाला, “बाई, ती जागा कोरीच ठेवू.” जुन्या पेटीत ती कोरी ठेवली आहेच. पण नवा संच खेळायचा होता ना? शेवटी चौथीतल्या एका मुलीने तो काढला. छत्री घेतलेला छोटा बटू, आणि चेहरा थेट तिच्या धाकट्या भावाचा!

आता सही कुठे करायची? त्या मिलानच्या दुसऱ्या चित्रकारासारखं गप्प राहायचं नव्हतं. पण पाठीवर नाव लिहिलं तर पान ओळखू येणार. मग प्रत्येकाने पुढच्या बाजूला, अगदी कडेला, आपलं नाव आणि साल बारीक अक्षरात लिहिलं. पेटीतल्या कागदावर नोंद केली की एकशे तेरा पानं जुन्यांवरून काढली, सहा अंदाजाने, आणि वामनाचा राजा आमच्या मनाचा.

आणि मग आजीला शाळेत बोलावलं. तिसरीची मुलं वही घेऊन समोर बसली. आजी बोलली तसं त्यांनी लिहून घेतलं : तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस पानं. उजेडी डाव असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची पहिली उतारी. रात्रीचा डाव असेल तर कृष्णाच्या राजाची. निम्म्या रंगांत आकडा मोठा ते पान मोठं, आणि निम्म्या रंगांत सगळं उलटं, दश्शीपेक्षा एक्का भारी! हे उलट-सुलट लक्षात ठेवताना मुलांचीच काय, माझीही तारांबळ उडाली. चाळीस हातांपैकी आजीने तेवीस जिंकले. डाव संपल्यावर ती नवी पानं उलटीपालटी करून बघत राहिली. मग म्हणाली, “आता पाठीवरसून काय एक कळणा नाय.” एवढी शाबासकी आम्हाला पुष्कळ झाली. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं आजीकडे डाव टाकायला जातात, आणि नियमांच्या वहीत दर वेळी एखादी ओळ वाढते.

तुमच्याही घरात अर्धवट उरलेलं काहीतरी असेल. सागरगोट्यांतले चारच गोटे, सोंगट्या नसलेला सारीपाट, पानं गळलेली गाण्यांची वही. सुट्टीत ते बाहेर काढा. जे जुनं आहे ते रंगवू नका, नुसतं जपा. हवं तर त्याच्यासारखं नवं करा. आणि त्याच्याही आधी, तो खेळ किंवा ती गाणी येणारं घरातलं माणूस शोधा, वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसा. आईबाबांनो, हे काम मुलांबरोबर तुम्हीही करा, कारण प्रश्न तुम्हालाच जास्त सुचतील.

आणि हो, नवं पान केलंत तर त्यावर नाव घालायला विसरू नका. फक्त पाठीवर नको हं!